भिंतीकडची बाजू

डास चावला, आणि ज्याला चावला त्याला ते कळलेच नाही, तर त्याला त्रास झाला असे म्हणायचे का? हा प्रश्न मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या जाळीवाल्या बाईंनी एका दुपारी विचारला. विचारताना त्यांनी मान वर केली नाही; हात शिलाई यंत्राच्या चाकावर होता आणि चाक थांबलेले होते. मी काहीतरी बोललो. ते उत्तर नव्हते हे त्यांनाही समजले आणि मलाही. वेदना म्हणजे केवळ वेदनेची जाणीव की त्याहून निराळे काही, यावर तज्ज्ञांनी शब्दांचा बराच कीस काढलेला आहे. त्यातले काहीही त्या खोलीत, त्या यंत्रासमोर उच्चारण्याजोगे नव्हते. उत्तर आजही माझ्यापाशी नाही. प्रश्न कुठून आला ते मात्र सांगता येईल. त्यातले काही मी पाहिलेले आहे, बाकीचे बाईंनी तुटक तुटक सांगितलेले.

बाई मच्छरदाण्या शिवत. पुढच्या खोलीत खिडकीशी यंत्र, भिंतीला टेकवून उभे केलेले जाळीच्या कापडाचे तागे, आणि फरशीवर कातरकामात उडालेला पांढरा भुगा. तो त्यांच्या भुवयांवरही बसलेला असे. मच्छरदाणीचे काम लांबून सोपे दिसते. वर छत, चार बाजूंना चार पडदे, खाली गादीत खोचायला कापडाची अरुंद पट्टी, कोपऱ्यांना नाड्या. पण जाळी हे कापड असून नसल्यासारखे असते. ओढले तर तिरपे होते, सैल सोडले तर सुईखाली चुण्या धरते, आणि चुकलेली टीप उसवायला जावे तर छिद्रे मोठी होऊन बसतात. बाईंना टीप उसवावी लागत नसे. ज्या दुकानासाठी त्या शिवत तिथला दुकानदार गिऱ्हाइकाला सांगे, "घेऊन जा बिनधास्त, पलंगाला बनियनसारखी बसेल." हे वाक्य बाईंना शाबासकीसारखे वाटे. पलंगाच्या कडेबाहेर जाळी बोटभर जरी लोंबली तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "माणसाचा शर्ट ढगळ असला तर चालतं, पलंगाचा नाही," असे त्या म्हणत. नेमक्या मापात बेतणे ही दुकानाची अट होती, कारण त्यात कापड वाया जात नाही. इतक्या वर्षांत ती बाईंची आवडही होऊन गेली होती.

त्यांचे यजमान एका जुन्या कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन होते. सरकत्या लोखंडी जाळीचे दार असलेली लिफ्ट, तिच्यात एक स्टूल, आणि त्या स्टुलावर हा माणूस. गल्लीतही त्यांना सगळे लिफ्टमनच म्हणत. नाकावर माशी बसू न देणारा गृहस्थ. वरिष्ठांनी "जरा लवकर" म्हटले की हे शांतपणे विचारत, "साहेब, जिन्यानं सोडू का?" घरी आल्यावर त्यांचा एकच खेळ होता, डासांचा.

डासांना आमच्याकडे तोटा नव्हता. घरांच्या मागे एक इमारत अर्धवट बांधून सोडून दिलेली होती. तिच्या तळघरात बाराही महिने पाणी. दिवेलागणीला सगळ्या गल्लीत खिडक्या धडाधड लागत. खुर्चीखाली कॉइल, प्लगमध्ये औषधाची बाटली, आणि हातात ती डास मारायची बॅट. लिफ्टमन बॅट घेऊन खोलीच्या मध्यभागी उभे राहत. तारेवर चट्ट झाले की गंभीरपणे पुकारत, "तळमजला!" मोठा डास असला तर "तळमजला, सामान सांभाळून!" वरच्या मजल्यावर आम्हाला ते ऐकू येई. जाळ्या शिवणाऱ्या या घरात झोपताना जाळी कधीच लावली जात नसे. बाईंना दिवसभर तेच कापड नाकातोंडात गेल्यावर पुन्हा रात्री ते नको असे, आणि लिफ्टमन म्हणत, "उभा जन्म जाळीच्या दारामागं काढला. झोपताना तरी मोकळं असू दे."

त्यांना अर्धांगाचा झटका कामावर असतानाच आला. पाहणाऱ्यांनी सांगितले की त्यांनी लिफ्ट मजल्याच्या पातळीला बरोबर आणून लावली, दार सरकवले, माणसे बाहेर पडेपर्यंत ते धरून ठेवले, आणि मग खाली बसले. डावी बाजू गेली. वाचा राहिली, थोडी जड झाली. इस्पितळातून घरी आणले तेव्हा डाव्या हाताला आणि पायाला हालचाल नव्हतीच, स्पर्शही कळत नव्हता. पुढच्या खोलीतले तागे एका कोपऱ्यात रचून तिथे पलंग टाकला गेला. निजलेला माणूस मेल्या बाजूने खाली पडू नये म्हणून डावी बाजू भिंतीला लावायची, असे इस्पितळात सांगितले होते. तशी लावली.

कॉइलच्या धुराने त्यांना ठसका लागे आणि ठसका लागला की जीव मेटाकुटीला येई. कॉइल बंद झाली. औषधाच्या बाटलीचा वास डोक्यात जाई, तीही गेली. उरली बॅट. ती बाईंच्या हाती आली, पण यंत्र चालवायचे, पथ्याचे शिजवायचे, माणसाला कुशीवर वळवायचे आणि बॅटही फिरवायची, हे एका बाईच्या आवाक्यातले नव्हते. लिफ्टमन उजव्या हाताने उजवा गाल, कपाळ, छाती राखत. डावीकडे त्यांचे लक्ष नसे असे नव्हे. एकदा मी समोर बसलेलो असताना बाई आतून म्हणाल्या,

"अहो, हातावर डास बसलाय."

"बघतोय मी."

"मग हाकला की."

"कशाला? मला कुठं चावतोय. त्या हाताला चावतोय."

त्यांच्या बोलण्यात तो हात नेहमी असाच परका असे. घर सोडायला तयार नसलेल्या भाडेकरूसारखा. डास फुगून उडेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले. "जेवला निवांत," म्हणाले. आम्ही हसलो, आणि मग कुणी हसले नाही.

लिफ्टमनना एक थोरली बहीण होती. बँकेतून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर एकटीच राहणारी. दर रविवारी त्या येत. बोलणे सरळ, अगदी काट्यासारखे. इस्पितळातल्या डॉक्टरांनी, या माणसाला आता कुठलाही मोठा ताप परवडणार नाही, असे बजावले होते. ते शब्द त्यांनी पक्के धरून ठेवले होते.

"वहिनी, तुझ्या करण्यात मी खोट काढत नाही," त्या एका रविवारी म्हणाल्या. "पण हे घर म्हणजे डासांची खानावळ आहे. माझ्याकडं सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, चौथ्या मजल्यावर डास चढत नाहीत. बाळ्याला मी नेते."

"वन्सं, आम्ही इतकी वर्षं इथंच राहिलो ना."

"राहिलात. तेव्हा त्याला दोन हात होते."

 नणंदेने पिशवी उचलली. "पावसाळाभर बघते. ताप आला तर मात्र विचारायला येणार नाही. न्यायला येईन."

त्या दिवसापासून बाईंच्या आयुष्यात दुसरे काही उरले नाही. घर एवढ्याशा दोन खोल्यांचे, पण नवरा त्या घरात राहतो की नाही हा प्रश्न आता डासांवर येऊन ठेपला होता. नणंदेच्या चांगुलपणाबद्दल त्यांना शंका नव्हती. तोच तर त्यांना जड जात होता. वाईट माणसाशी भांडता येते. "तिकडं त्यांना बरं वाटेल हो," त्या मला म्हणाल्या, "पण मग मी कोण? रविवारची पाहुणी?"

उपाय समोरच, कोपऱ्यात रचून ठेवलेला होता. पण लिफ्टमन जाळीचे नाव काढू देईनात.

"पिंजऱ्यात घालतेस मला?"

"अहो, सगळं जग झोपतं मच्छरदाणीत."

"जगाला बाहेर येता येतं."

या उत्तरावर बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग एक अशी मच्छरदाणी शिवली जी त्यांनी आधी कधी शिवली नव्हती. उजव्या पडद्याला मधोमध उभी फट ठेवली, फटीच्या दोन्ही कडा एकमेकींवर येतील अशा रुंद केल्या, वरून एक दोरी ओवली आणि तिला लाकडी कडी बांधली. निजल्या निजल्या उजव्या हाताने कडी ओढली की पडदा सरके, सोडली की मिटे. लिफ्टमनच्या हातात पुन्हा एक दार आले. पहिल्या दिवशी त्यांनी ते किती वेळा उघडले आणि मिटले! मी भेटायला गेलो तेव्हा जाळीआडून आवाज आला, "कितवा मजला?" मी तिसरा सांगितला. कडी ओढली गेली. "या. पाऊल जपून." बाई यंत्रावर बसल्या होत्या, त्यांनी तोंड खिडकीकडे केले, पण खांदे हसत होते. झटक्यानंतर त्या घरात आलेला तो एकमेव बरा काळ म्हणावा लागेल.

ते दिवसाही जाळीतच निजू लागले. पहाटे उठल्याबरोबर बाई आत डोके घालून छत, कोपरे, उशीचा मागचा भाग सगळे तपासत. डास आत सापडत नसे. एकदाही नाही. रविवारी नणंदेने जाळी बोटांनी चाचपून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "काम चांगलं आहे हं तुझं." बाईंनी ते वाक्य मला दोनदा सांगितले.

मग डाव्या हातावर पुरळ दिसू लागले. कोपरापासून मनगटापर्यंत, बाहेरच्या बाजूला, बारीक लाल ठिपके. बाई दररोज त्यांचे अंग ओल्या फडक्याने पुसत, तेव्हा ते दिसत. कुणाही शेजारणीला विचारले असते तर तिने पाहताक्षणी डास म्हटले असते. बाईंनी म्हटले नाही, कारण त्यांना जाळी माहीत होती. टिपा त्यांच्या, कापड त्यांनी उजेडात धरून पारखलेले, फट दुहेरी, आत डास नाही. मग डास चावेल कसा? त्यांनी विचार केला तो आपल्या धंद्यातून. नव्या जाळीला ताठपणासाठी लावलेली खळ असते. नाजूक कातडीला ती बाधते. त्यांनी जाळी उतरवून कढत पाण्यात धुतली आणि पुन्हा लावली. पुरळ वाढले. साबण बदलला, पावडर लावली, चादर बदलली. जाळी पुन्हा धुतली. त्या डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या, आणि पाहत होत्या ती सारी जागा आतली होती.

नणंद पुढच्या वेळी रविवारऐवजी आदल्या दिवशी संध्याकाळी आल्या. दिवे लागले होते. उशाशी बाईंचे स्टूल, म्हणून नणंद नेहमी पायथ्याशी बसत. पायथ्याकडून जाळी आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी पोकळी सरळ दिसते, उशाकडून किंवा उजव्या बाजूने दिसत नाही. त्या बोलता बोलता थांबल्या, वाकल्या, चष्मा सारखा केला.

"वहिनी, इकडे ये. इथं बस माझ्या जागी."

बाई बसल्या. लिफ्टमनचा डावा हात जड वस्तू घसरावी तसा पलंगाच्या कडेला घसरलेला होता आणि जाळीला टेकलेला होता. मापात बेतलेल्या, अंगासरशी बसलेल्या जाळीला. ज्याचा हात जिवंत असतो तो झोपेतही असा हात ओढून घेतो. म्हणून कुठल्या गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नव्हती. जाळीच्या बाहेरून, भिंतीच्या सावलीत, डास त्या हातावर ओळीने बसलेले होते, पंगतीला बसावे तसे. आत यायची त्यांना गरजच नव्हती.

बाईंनी मुठीने जाळीवर मारले. डास उडाले, जाळीवर रक्ताचा डाग राहिला.

"तू रोज पुसत होतीस ना हा हात?" नणंद म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"मला वाटलं खळ बाधली."

"खळ!"

"आत डास नव्हता हो, वन्सं. मी रोज बघत होते. आत नव्हता."

"ताई," जाळीतून लिफ्टमन म्हणाले, "तिला बोलू नकोस. मला दिसत होते ते."

दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"सकाळी मान वळवली की दिसायचे. बाहेरून बसलेले."

"आणि तू बोलला नाहीस?" नणंद म्हणाल्या.

"काय बोलू? मला काय होत होतं? काहीच नाही. इतकी छान जाळी केली तिनं, मला दार करून दिलं." बोलताना त्यांचा उजवा हात कडीवर गेला, पण कडी त्यांनी ओढली नाही. "उगाच तिच्या कामाला नाव कशाला ठेवायचं."

बाईंना या बोलण्याचा राग आला, हे त्यांनी मला पुढे सांगितले. नवऱ्याने आपली बाजू घेतली म्हणून राग. त्याने एकदा तोंड उघडले असते तर त्याच दिवशी त्यांनी ती जाळी फाडून दुसरी बेतली असती. त्यांना जपायला म्हणून तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याची शिक्षा त्याच्याच अंगावर उमटत गेली. पण त्या संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, "मी आता लगेच मोठी शिवते."

नणंद म्हणाल्या, "शीव." आणि त्या रात्री घरी न जाता तिथेच राहिल्या.

बाईंनी जाळी शिवली. या वेळी चारही बाजूंनी हातभर ढगळ, आणि खालची पट्टी अरुंद न ठेवता निजलेल्या माणसाच्या अंगाच्याही वर जाईल इतकी उंच, जाड कापडाची. आयुष्यात प्रथमच पलंगाला बनियनऐवजी झगा. ती टांगण्यापूर्वीच ताप चढला. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. इस्पितळात लिफ्टमन अनेक दिवस शुद्धीच्या अलीकडे पलीकडे होते. दोघी बायका आळीपाळीने बसत, एकमेकींशी औषधाच्या वेळांपलीकडे बोलत नसत. ते वाचले. बाहेर पडण्याच्या दिवशी नणंदेने गाडी आणली आणि ड्रायव्हरला आपल्या घरचा पत्ता सांगितला. बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी औषधांची पिशवी मांडीवर घेतली. लिफ्टमननी वळणावर विचारले, "आपण कुठं चाललोय?"

"माझ्याकडं, बाळ्या. चौथ्या मजल्यावर."

"लिफ्ट आहे?"

"आहे."

"कुणी चालवतं?"

"नाही रे. आपोआप चालते."

यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले.

आठवड्याभराने बाई ती ढगळ मच्छरदाणी घडी करून नणंदेकडे घेऊन गेल्या. नणंदेने घडी हातात घेतली, कापड बोटांत चोळून पाहिले, आणि जपून परत दिली. "इथं गरज नाही गं. खिडक्यांना जाळ्या आहेत. आणि त्याला आता मोकळं झोपू दे." ते खरेच होते. त्या खोलीत डास नव्हता. स्वच्छ, थंड, शांत खोली होती. एक परिचारक दोन वेळा येई. लिफ्टमनच्या डाव्या हातावरचे ठिपके फिकट झाले होते आणि तो हात एका मऊ उशीवर नीट ठेवलेला होता. बाई दुपारी जात, संध्याकाळच्या आत परतत. उजव्या हाताला तिथे काही काम नव्हते. लिफ्टमन हळूहळू कमी बोलू लागले. वहिनीचे येणे नणंदेने कधी अडवले नाही. उलट त्या दोघांना एकटे सोडून त्या आतल्या खोलीत जात. आणि तिथे, परक्या स्टुलावर बसून, काय बोलावे ते बाईंना सुचत नसे.

त्याच सुमारास कधीतरी त्यांनी मला तो प्रश्न विचारला. मला वाटते, उत्तर "नाही" असे असते तर त्यांना सुटल्यासारखे झाले असते. "हो" असते तरी एक प्रकारे झाले असते. मी दोन्ही म्हणालो नाही. त्यांनी चाक फिरवले आणि यंत्र सुरू झाले. दुकानाच्या मच्छरदाण्या त्या तशाच मापात शिवत राहिल्या, कारण दुकानाला तशाच हव्या होत्या. फक्त दुकानदाराचे ते बनियनचे वाक्य त्यांच्यासमोर कुणी उच्चारले तर त्या उठून आत जात.

लिफ्टमन घरी परत आले नाहीत. २०१४ च्या मार्चमध्ये, एका सकाळी, ते बहिणीच्या घरी वारले. त्यानंतरही बाई रविवारी तिकडे जात राहिल्या. २०१८ च्या जूनमध्ये नणंद न्हाणीघरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून त्या दोघी चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात एकत्र राहतात.